समाजवादी की लिबरल, ओळखायचं कसं? आधी सातबारा बघा

नोव्हेंबर २०२५ मध्ये झोहरान ममदानी न्यूयॉर्कचा महापौर म्हणून निवडून आला आणि आपल्याकडे सकाळ होती, त्यामुळे आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चहाबरोबरच धुमश्चक्री सुरू झाली. डोंबिवलीच्या काकांनी टाकलं, झालं, आता न्यूयॉर्कचा वेनेझुएला होणार. जर्सी सिटीतल्या भाच्याचं उत्तर आलं, काका तो साधा लिबरल आहे, युरोपात हे सगळं नॉर्मल असतं. काका म्हणाले लिबरल काय, सोशॅलिस्ट काय, कम्युनिस्ट काय, एकाच माळेचे मणी. मग मावशीने गुड मॉर्निंगचं फूल टाकलं आणि विषय तिथेच गाडला गेला.

आता गंमत अशी की दोघंही चुकले होते. भाचा चुकला कारण ममदानी स्वतःला उघडउघड डेमोक्रॅटिक सोशॅलिस्ट म्हणवतो, त्याच नावाच्या संघटनेचा मेंबर आहे. आणि काका चुकले कारण त्याच्या जाहीरनाम्यातल्या बहुतेक गोष्टी समाजवादी नाहीतच, लिबरल आहेत. म्हणजे माणूस एका पार्टीचा आणि आश्वासनं दुसऱ्या पद्धतीची, असं होऊ शकतं आणि नेहमी होतं. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं की पुढच्या वेळी असं भांडण लागलं तर ओळखायचं कसं.

पहिलं काम, शब्दांचा घोळ निस्तरा

लिबरल हा शब्द विमानात बसला की अर्थ बदलतो. अमेरिकेत लिबरल म्हणजे डावीकडे झुकलेला, डेमोक्रॅटिक पार्टीवाला. ऑस्ट्रेलियात उतरलात तर लिबरल पार्टी हा तिथला उजवा पक्ष. जर्मनीत एफडीपी नावाचे लिबरल आहेत, ते टॅक्स कमी करा आणि बाजाराला मोकळं सोडा म्हणणारे. आपल्याकडे उदारमतवादी म्हटलं की जुन्या लोकांना न्यायमूर्ती रानडे, गोखले आठवतात आणि फेसबुकवर लिबरल म्हटलं की ती सरळ शिवीच असते, फुरोगामीच्या शेजारच्या खणात ठेवलेली. त्यात नवउदारमतवाद हा आणखी एक शब्द, जो १९९१ नंतरच्या खाजगीकरणाला शिव्या घालताना वापरतात, तो तर आपण ज्या लिबरलबद्दल बोलतोय त्याच्या जवळजवळ उलटा. त्यामुळे कुणी लिबरल म्हटलं की आधी विचारा, कुठला?

या लेखापुरता लिबरल म्हणजे तो नवा लिबरल, जो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये तयार झाला आणि अमेरिकेत प्रेसिडेंट फ्रँकलिन रूझवेल्टच्या काळात मोठा झाला. जुना लिबरल म्हणायचा सरकारने फक्त चोर पकडावेत, बाकी माणसाला मोकळं सोडावं. टी. एच. ग्रीन, हॉबहाउस वगैरे इंग्लिश विचारवंत मंडळी म्हणाली अहो पण उपाशी, आजारी, बेकार माणूस कसला मोकळा? त्याला कायद्याने स्वातंत्र्य आहे पण ते वापरायची ताकद नाही, मग सरकारला मध्ये पडावंच लागेल. त्यातून इंग्लंडच्या लिबरल सरकारने १९०८ मध्ये म्हाताऱ्यांना पेन्शन दिलं, १९११ मध्ये कामगारांना आजारपणाचा विमा दिला. आणि हो, आपले रानडे १८९२ मध्येच पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सांगून बसले होते की इंग्लिश अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना सगळ्या काळात लागू होत नाहीत, इथल्या उद्योगांना सरकारने हात दिला पाहिजे. हा माणूस मवाळ म्हणून आपण फोटोत टांगला पण डोकं बघा किती पुढचं.

समाजवादी शब्दाचाही मराठीत एक ठरलेला फोटो आहे. खादीचा सदरा, खांद्याला शबनम, राष्ट्र सेवा दलाची शाखा, साने गुरुजी, एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे. फोटो खरा आहे, पण त्यामुळे होतं काय की समाजवादी म्हणजे साधा, प्रामाणिक, गरिबांची कणव असलेला माणूस असा अर्थ डोक्यात बसतो. कणव काय, लिबरललाही असते. हिंदुत्ववाल्यांना असते, कीर्तनकारांना असते. कणवेवरून काही ओळखता येत नाही.

आता खरी टेस्ट: सातबारा कुणाच्या नावावर?

कुठलीही योजना, कायदा, आश्वासन समोर आलं की पैसे कोण वाटतंय ते बघू नका. मालक कोण आहे ते बघा. कारखाना, हॉस्पिटल, जमीन, बस, बिल्डिंग, जे काही असेल त्याच्या सातबाऱ्यावर आज नाव कुणाचं आणि ही योजना झाल्यावर कुणाचं असणार? नाव तेच खाजगी मालकाचं राहिलं आणि फक्त त्याच्यावर नियम आले, टॅक्स आला, गरिबाला विमा किंवा भत्ता मिळाला, तर समजा लिबरल. नाव खोडून समाजाचं, कामगारांचं, निदान सरकारचं लागलं तर समाजवादी. ऐंशी टक्के केसेस इथेच सुटतात (हा ऐंशीचा आकडा माझा, अंदाजे, बोली भाषेतला).

हॉस्पिटलांवर करून बघू कारण तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा, सुरू झाली. अन्यूरिन बेव्हन नावाचा आरोग्यमंत्री, खाणकामगाराचा मुलगा, स्वतः खाणीत काम केलेला. त्याने नुसता विमा नाही दिला, हॉस्पिटलंच राष्ट्रीयीकृत केली. सातबाऱ्यावर नाव बदललं. हे समाजवादी काम. (गल्लीतले फॅमिली डॉक्टर मात्र सरकारी नोकर व्हायला तयार नव्हते, त्यांचे दवाखाने त्यांचेच राहिले, म्हणजे तिथेही तडजोड आलीच.) आता अमेरिका, १९६५. प्रेसिडेंट जॉन्सनने मेडिकेअर आणली, ६५ वर्षांवरच्या लोकांच्या हॉस्पिटलचं बिल सरकार देणार. पण हॉस्पिटल? जुन्याच मालकाचं. डॉक्टर? खाजगीच. सरकार फक्त बिल भरणार. हे लिबरल काम. २०१० च्या ओबामाकेअरमध्ये तर बऱ्याच लोकांचा विमासुद्धा खाजगी कंपन्यांचाच राहिला, सरकारने फक्त कंपन्यांना दम दिला की आधीपासून आजार आहे म्हणून माणसाला हाकलायचं नाही, आणि गरिबांना हप्त्यासाठी पैसे दिले. त्याला सोशॅलिझम म्हणून लोक रस्त्यावर आले होते, म्हणजे बघा.

हेच मुंबईत बघायचं तर केईएम आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना शेजारी शेजारी ठेवा. केईएम महापालिकेचं, इमारत तिची, खाट तिची, डॉक्टरचा पगार तिचा. फुले योजनेत तुम्ही खाजगी हॉस्पिटलातही जाऊ शकता, ऑपरेशन तिथेच होतं, बिल योजनेतून जातं. पहिल्याचं यंत्र समाजवादी, दुसऱ्याचं लिबरल. आणि मजा म्हणजे केईएम १९२६ मध्ये सुरू झालं, इंग्रजांच्या राज्यात, आणि उभं करणारे काही समाजवादी नव्हते. म्हणजे यंत्र एका जातीचं आणि बनवणारे दुसऱ्या जातीचे हे परत आलंच.

कॅनडाची गोष्ट तर अजून भारी. तिथे सस्कॅचवान प्रांतात टॉमी डग्लसच्या समाजवादी पक्षाने सरकारी आरोग्य विमा आणला, १ जुलै १९६२ ला तो सुरू झाला आणि त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले, तीन आठवडे संप चालला. शेवटी तडजोड अशी झाली की डॉक्टर आपली प्रॅक्टिस स्वतःचीच ठेवणार, बिल फक्त सरकारला पाठवणार. पुढे १९६६ मध्ये हीच गोष्ट देशभर नेली ती कुणी? लिबरल पार्टीने. आता सांगा कॅनडाची मेडिकेअर समाजवादी की लिबरल? मागणी समाजवाद्यांची, यंत्र लिबरल. असं उत्तर द्यायला शिका, एका शब्दात उत्तर द्यायची घाई करू नका, तिथेच सगळी भांडणं लागतात.

फुकट दिलं म्हणजे समाजवाद हे डोक्यातून काढा

काकांची सगळ्यात मोठी चूक हीच. फुकट धान्य समाजवाद, फुकट एसटी समाजवाद, खात्यात पंधराशे आले की समाजवाद. अहो काका, जगात सरकारी आरोग्य विमा पहिल्यांदा देशभर कुणी आणला माहितीये? जर्मनीच्या बिस्मार्कने, १८८३ मध्ये. मग १८८४ ला अपघात विमा, १८८९ ला म्हातारपणाचं पेन्शन. आणि हा बिस्मार्क समाजवाद्यांचा पक्का वैरी, १८७८ मध्ये त्यांच्या सभा-संघटनांवर बंदी घालणारा कायदा त्यानेच केलेला. एका हातात दंडुका आणि दुसऱ्या हातात पेन्शन, कशासाठी, तर कामगार समाजवाद्यांकडे जाऊ नयेत म्हणून. पेन्शन म्हणजे समाजवाद असेल तर बिस्मार्क मोठाच कॉम्रेड म्हणायचा.

रूझवेल्टचंही तेच. १९३३ मध्ये तो आला तेव्हा अमेरिकेत बँका धडाधड बंद पडत होत्या, लोक दारात रांगा लावून उभे. मनात आणलं असतं तर बँका ताब्यात घेता आल्या असत्या, तेव्हा फार कुणी ओरडलंही नसतं. त्याने काय केलं? ठेवींना विमा दिला, नियम कडक केले आणि बँका त्यांच्या मालकांकडेच ठेवल्या. इथे आपल्या १९ जुलै १९६९ शी तुलना करा, इंदिरा गांधींनी १४ बँका घेतल्या, नाव बदललं. दोन्हीकडे म्हणणं एकच की बँका सामान्य माणसाच्या कामी याव्यात, पण एकाने कुत्र्याला पट्टा बांधला आणि दुसऱ्याने कुत्राच घरी आणला. बरं रूझवेल्टने सगळंच लिबरल केलं असंही नाही हं, टेनेसी नदीवर धरणं बांधून वीज विकणारी सरकारी टीव्हीए त्याचीच, ती सातबाऱ्याच्या टेस्टमध्ये समाजवादी निघते. त्या काळात अमेरिकेत खराखुरा समाजवादी नेताही होता, नॉर्मन थॉमस, सहा वेळा प्रेसिडेंटच्या निवडणुकीला उभा राहिला आणि सहाही वेळा आपटला. त्याला विचारलं असतं तर त्याने रूझवेल्टला आपल्यात घेतलं नसतं.

आता जरा खोलात: डॉक्टरसारखं रोगनिदान विचारा

सातबाऱ्यावरून नाही कळलं तर दुसरा प्रश्न. या माणसाच्या मते दुखणं कुठे आहे?

समजा एका कंपनीत कामगाराला महिना बारा हजार मिळतात. लिबरल म्हणेल बारा कमी आहेत, किमान वेतन अठरा करा, युनियन करू द्या, पोराला चांगली शाळा द्या म्हणजे ते पोर उद्या मॅनेजर होईल. समाजवादी म्हणेल अठरा करा ना, नको कोण म्हणतंय, पण प्रश्न बारा-अठराचा नाही. माल बनवणारे पाचशे जण आणि तो कितीला विकायचा, नफ्याचं काय करायचं, कंपनी उद्या गुजरातला हलवायची का हे ठरवणारे पाच जण, दुखणं हे आहे. ते पोर मॅनेजर झालं तरी मशीनवर दुसऱ्या कुणाचं तरी पोर उभं राहणारच ना. लिबरलला खेळ फेअर हवा, सगळ्यांना एका रेषेवरून पळू द्या. समाजवादी विचारतो मैदान कुणाचं आहे.

यातूनच दोघांची भाषाही वेगळी होते, थोडं कान देऊन ऐकलं की कळतं. लिबरलच्या बोलण्यात व्यक्ती येते, हक्क, संधी, भेदभाव, निवड. समाजवाद्याच्या बोलण्यात वर्ग येतो, श्रम, शोषण, मालकी, संघटना. अमेरिकेत एलिझाबेथ वॉरेन आणि बर्नी सँडर्स हे दोन सिनेटर बाहेरून जुळे भाऊ-बहीण वाटतात, दोघंही श्रीमंतांवर टॅक्स लावा म्हणणारे, पण वॉरेनबाईंनी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की मी हाडाची कॅपिटलिस्ट आहे, आणि बर्नी स्वतःला सोशॅलिस्ट म्हणवतो. तिला बाजार दुरुस्त करायचाय. त्याच्या बोलण्याचा रोख दुसरीकडे असतो, भले त्याच्या बऱ्याच योजना शेवटी लिबरलच निघोत.

सरकारी म्हणजे समाजवादी? इथे थांबा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. १ जानेवारी १९४७ ला ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणी राष्ट्रीयीकृत झाल्या. खाणीखाणीवर पाट्या लागल्या, ही खाण आता राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवत आहे, झेंडे चढवले, कामगारांच्या डोळ्यात पाणी होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी खाणीत उतरले तर मॅनेजर बऱ्याच ठिकाणी कालचाच. आणि १९८४ मध्ये त्याच कोळसा मंडळाने खाणी बंद करायला घेतल्या तेव्हा वर्षभर संप चालला, म्हणजे जनतेच्या वतीने चालवणारा मालकच जनतेला घरी पाठवत होता. त्या पाटीवरच्या वतीने या शब्दात सगळी मेख आहे.

आपल्या गिरणगावात काय झालं आठवा. आजारी गिरण्या सरकारने १९७४ मध्ये राष्ट्रीयीकृत केल्या, नॅशनल टेक्स्टाईल कॉर्पोरेशनकडे दिल्या. १९८२ च्या संपानंतर अजून काही गिरण्या घेतल्या. सातबारा सरकारच्या नावावर. पण परळ-लालबागचा गिरणी कामगार मालक झाला का? जमिनी विकायची वेळ आली तेव्हा त्याला कुणी विचारलं का? त्याची पोरं अजून घराच्या लॉटरीची वाट बघतायत. याउलट कुर्ल्याची कमानी ट्यूब्स, मालक-कुटुंबाच्या भांडणात बंद पडलेला कारखाना, १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवायला घेतला. पुढे तो किती चालला हा वेगळा विषय, पण शुद्ध व्याख्येने बघितलं तर गिरण्यांपेक्षा कमानीचं ते काम समाजवादाच्या जास्त जवळचं, कारण मशीनवर उभा राहणाराच मालक.

म्हणून सातबाऱ्याच्या टेस्टला एक पुरवणी जोडा. सरकारचं नाव दिसलं तर अजून एक विचारा, ठरवतं कोण?

आणि सहकार म्हणजे समाजवाद असं म्हणणाऱ्यांनाही हेच विचारा. प्रवरानगरचा साखर कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला, खाजगी साखर कारखानदाराला टक्कर देणारी मोठीच गोष्ट. पण सहकारी साखर कारखान्याचा मालक कोण? ऊसवाला शेतकरी सभासद. आणि तो ऊस तोडतो कोण? बीडहून आलेलं जोडपं, ज्याला हिशोबात एक कोयता म्हणतात, दोन माणसं मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी घरी जाता येत नाही. कारखान्याच्या शेअरवर कोयत्याचं नाव कुठेच नाही. तर हा समाजवाद नाही, ही मालकांची एकजूट आहे, चांगली असेल पण समाजवाद नाही.

कुळकायदाही असाच फसवतो. १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं, इथे तर अक्षरशः सातबाऱ्यावरचं नाव बदललं, मग समाजवाद? नाव बदललं पण नव्या माणसाचं खाजगी नाव लागलं. मालकी गेली नाही, वाटली गेली. बाजारावर विश्वास असलेला लिबरलही याला टाळ्या वाजवेल, कारण त्याला जमीनदार आवडत नसतो आणि छोटा मालक फार आवडतो.

पगाराच्या स्लिपवर प्रॅक्टिस करा

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर स्लिप उघडा. प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. हा का कापतात बऱ्याच जणांना माहीतच नसतं, मलाही पहिली आठ-दहा वर्षं वाटायचं आपण प्रोफेशनल आहोत म्हणून असेल. हा टॅक्स १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसे उभे करायला. १९७२ च्या दुष्काळातली ती योजना, वि. स. पागे यांच्या डोक्यातून आलेली, आणि मागेल त्याला काम यासाठी समाजवादी, शेकाप, कम्युनिस्ट सगळेच भांडलेले.

आता टेस्ट लावा. कामाचा हक्क ही जुनी समाजवादी मागणी, लिबरल सहसा कामाच्या संधीवर थांबतो. पण यंत्र बघाल तर शहरातल्या नोकरदाराकडून टॅक्स घ्यायचा आणि गावात बांधबंदिस्तीच्या, पाझर तलावाच्या कामावर मजुरी द्यायची, कुणाचा कारखाना घेतला नाही, कुणाची जमीन घेतली नाही. उलट बांध ज्याच्या शेतात पडला त्याचं शेत सुधारलं. यंत्र लिबरल. परत कॅनडासारखंच उत्तर आलं बघा.

स्वीडन दाखवणाऱ्यांसाठी

भाच्याचं आवडतं उदाहरण. टॅक्स भरमसाट, शाळा-दवाखाना जवळपास फुकट, पण कंपन्या खाजगी, मोठ्या घराण्यांच्या. म्हणजे मोठ्या टॅक्सचं लिबरल यंत्रच म्हणा ना, तिकडे त्याला सोशल डेमोक्रसी म्हणतात, समाजवादी झाडावरून पडलेलं पण लिबरल अंगणात उगवलेलं. पण एकदा स्वीडनने खरंच कुंपण ओलांडायचा प्रयत्न केला, तो किस्सा फार कमी लोकांना माहीत असतो. १९७६ मध्ये तिथल्या कामगार महासंघाने रुडॉल्फ माइडनर या अर्थतज्ज्ञाची योजना उचलली. मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या २० टक्के इतके नवे शेअर काढून कामगारांच्या फंडाला द्यायचे. टॅक्स नाही, शेअर! म्हणजे वीस-तीस वर्षांत न भांडता, न जप्त करता सातबाऱ्यावरचं नाव हळूहळू बदलणार. मालक लोक हादरले, एरवी टॅक्स भरणारी शांत माणसं १९८३ मध्ये स्टॉकहोमच्या रस्त्यावर मोर्चा काढून उतरली. सरकारने पाणी घालून घालून योजना पास केली खरी, पण त्यांच्याच अर्थमंत्र्याने, फेल्टने, पार्लमेंटमध्ये बसल्या बसल्या कागदावर या फंडाला शिव्या देणारी कविता खरडली आणि फोटोग्राफरने वरून तिचा फोटो काढला. नव्वदीच्या सुरुवातीला पुढच्या सरकारने ते फंड मोडीत काढले.

टॅक्स भरमसाट असूनही कोणी रस्त्यावर आलं नाही, मालकीला हात लागला आणि आले. सीमारेषा कुठे आहे ते मालक लोकांना बरोबर कळतं, आपल्या व्हॉट्सॲप काकांपेक्षा जास्त.

माणसाच्या लेबलवर जाऊ नका

मिनू मसानी घ्या. नाशिकच्या तुरुंगात १९३० नंतरच्या त्या वर्षांत जेपी, अच्युतराव पटवर्धन, गोरे यांच्यासोबत ज्या चर्चा झाल्या त्यातून १९३४ मध्ये काँग्रेस सोशॅलिस्ट पार्टी निघाली, मसानी तिच्या संस्थापकांपैकी एक. आणि १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला तेव्हा त्याला विरोध करायला जो स्वतंत्र पक्ष निघाला त्यातही हेच मसानी, राजाजींच्या शेजारी. एकाच माणसाचं आयुष्य कुंपणाच्या दोन्ही बाजूंना.

आणि लेबल तर सगळ्यात मोठा विनोद. घटनेच्या प्रास्ताविकात समाजवादी हा शब्द घातला गेला तो १९७६ मध्ये, ४२ व्या दुरुस्तीने, आणीबाणीत. त्या वेळी मधु लिमये, मधु दंडवते, मृणालताई गोरे हे अस्सल समाजवादी कुठे होते? तुरुंगात. कागदावर समाजवाद चढत होता आणि समाजवादी गजाआड होते, आणि ते भांडत कशासाठी होते तर भाषणाचं स्वातंत्र्य, कोर्ट, निवडणुका, म्हणजे ज्याला आपण लिबरल मूल्यं म्हणतो त्यासाठी. त्यामुळे समाजवाद्याला स्वातंत्र्याचं काही पडलेलं नसतं हे वाक्य निदान महाराष्ट्रात तरी तोंडातून काढू नका, कुणीतरी म्हातारा माणूस उठून कानफटात देईल.

आता ममदानीचा पेपर सोडवा

घरभाडं गोठवणार: ज्या घरांच्या भाड्यावर आधीच नियंत्रण आहे तिथे वाढ थांबवणार. घरमालक तोच. लिबरल. श्रीमंतांवर जास्त टॅक्स: लिबरल. मोफत बालसंगोपन: लिबरल, बिस्मार्कनेही केलं असतं. बस फुकट: बस आधीच सार्वजनिक मालकीची, फक्त तिकीट जाणार, म्हणजे नवीन समाजवाद काहीच नाही, जुना होता तोच (आपली बेस्टसुद्धा आधी कंपनीच होती, महापालिकेने ती ऑगस्ट १९४७ मध्ये घेतली, आणि कुणी बेस्टच्या कंडक्टरला कॉम्रेड म्हणत नाही). शहराच्या मालकीची किराणा दुकानं, पाच भागांत एकेक: हां, हे मात्र समाजवादी, सातबारा शहराच्या नावावर. इतक्या मोठ्या शहरात पाच दुकानं. काकांचा वेनेझुएला एवढाच.

भाडं गोठवण्यावरून गिरगावातली आत्याची चाळ आठवली. पागडीची खोली, भाडं इतकं की त्यापेक्षा तिचं केबलचं बिल जास्त. हे १९४७ च्या भाडे कायद्याचं पुण्य, १९४० च्या पातळीवर भाडी गोठवलेली. मालक तोच राहिला, म्हणून लिबरल पद्धतीचं नियंत्रण, फक्त इतकं ताणलेलं की मालकाने गळती दुरुस्त करणंच सोडलं. मग १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ प्रकरण आलं. जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) बिल्डिंगच्या ७० टक्के भाडेकरूंनी सोसायटी करून मागणी केली तर सरकार बिल्डिंग ताब्यात घेऊन त्यांना देऊ शकतं, मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट मोबदला. इथे कुंपण ओलांडलं. मालक कोर्टात गेले, आणि त्यातून उठलेला प्रश्न फिरत फिरत नऊ न्यायमूर्तींसमोर गेला, की खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानायची का. ५ नोव्हेंबर २०२४ ला बहुमताने निकाल आला, प्रत्येक खाजगी मालमत्ता सरसकट तशी मानता येणार नाही, काही मानता येतील. बत्तीसेक वर्षं लागली एवढं ठरायला, आपण ग्रुपवर चहा निवायच्या आत ठरवतो.

हे सगळं मी काकांना थोडक्यात पाठवलं. दोन दिवस निळ्या टिका, उत्तर नाही. मग रविवारी फोनच आला. म्हणाले तुझी टेस्ट बरी आहे, पण मग आमची हाउसिंग सोसायटी कशात बसते? शेअर सर्टिफिकेट आहे, कमिटी आहे, सगळ्यांचं मत एक, बिल्डिंग सगळ्यांची. मी म्हटलं काका सातबारा काढा ना ऑनलाइन, पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी स्क्रीनशॉट आला. चोवीस वर्षं झाली बिल्डिंगला, जमिनीवर नाव अजून बिल्डरचंच, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालेलंच नाही. खाली काकांनी लिहिलं होतं, डीम्ड कन्व्हेयन्सला (बिल्डरने सही न करता होणाऱ्या) काय काय कागद लागतात ते तेवढं बघून सांग.